पाणी आणि उष्णता

पाणी हा पदार्थ आपल्या इतक्या परिचयाचा आहे की, त्याच्या गुणधर्मांत काही असाधारण असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. परंतु पाण्यासारख्या लहान रेणूंचा पदार्थ नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असावा, हेच मुळी नवल आहे. हायड्रोजन सल्फाइडच्या रेणूची रचना पाण्याच्या रेणूसारखीच असते. फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक असते. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड असूनही हा पदार्थ उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत तग धरते.

याचे कारण पाण्याच्या रेणूंमधील परस्पर आकर्षणात आहे. ऑक्सिजनचा अणू इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो. त्यामुळे त्याच्या बाजूस किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूस किंचित धन विद्युत्भार येतो. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या जोडणीस हायड्रोजन बंध म्हणतात. असा एकेक बंध दुबळा असतो. तो क्षणात तुटतो आणि क्षणात पुन्हा जुळतो. परंतु अशा बंधांची संख्या इतकी प्रचंड असते की, पाणी तापविताना पुष्कळशी उष्णता हे बंध सैल करण्यातच खर्च होते.

म्हणूनच एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते, तर तेवढ्याच लोखंडाला तिचा सुमारे नववा हिस्सा पुरतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ती सगळी शरीरातच कोंडली गेली, तर ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे तापमान तासाभरात सुमारे दीड अंशाने चढेल. हाच देह लोखंडाचा असता, तर ही वाढ दहा अंशांहून अधिक झाली असती!

गोठतानाही पाणी इतर द्रवांहून वेगळे वागते. थंड होता होता ४ अंशांना त्याची घनता सर्वाधिक होते. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असल्यामुळे मध्ये पोकळ्या राहतात व बर्फ पाण्यावर तरंगतो. श्रीनगरच्या दल सरोवराचा पृष्ठभाग कडक हिवाळ्यात गोठतो. तेव्हा वरचा बर्फ पांघरुणाचे काम करतो आणि खालच्या पाण्यात मासे जिवंत राहतात. बर्फ जड असता, तर सरोवरे तळापासून गोठत वर आली असती.

परंतु उष्ण प्रदेशातील माणसाला याहूनही मोलाचा ठरतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाचा गुण. वाफ होताना रेणूंना सर्व बंध तोडून सुटावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वर सांगितलेली तासाभराची सर्व उष्णता बाहेर टाकण्यास केवळ १२० ग्रॅम घाम पुरेसा होतो. मातीच्या माठातील पाणी गार होते तेही याच नियमाने.

येथे एक अट मात्र आहे. घाम वाळला पाहिजे. निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातील पाणी व मीठ नेतो, पण शरीराला थंडावा देत नाही. बिकानेरच्या कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो. चेन्नईच्या दमट हवेत तो तितका गार होत नाही. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून वारा दिला, तर त्या हवेत बाष्पीभवनाने किती थंडावा मिळू शकेल ते समजते. हे ‘ओल्या फुग्याचे तापमान’ ३५ अंशांवर पोहोचले, तर सावलीत, वाऱ्यात, हवे तेवढे पाणी पीत बसलेल्या निरोगी माणसाच्याही शरीरातील उष्णतेला बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाही. ही झाली सैद्धान्तिक मर्यादा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर दमट हवेत हलकी हालचाल करणाऱ्या तरुणांच्या शरीराचे तापमान ३० ते ३१ अंशांपाशीच सतत चढू लागले.

कोरडी हवा म्हणजे सुरक्षितता, असे मात्र समजू नये. हवा त्वचेपेक्षा अधिक तापली की ती उलट शरीरालाच उष्णता देऊ लागते, आणि मग सारा भार घामावर पडतो. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या एका महिन्यात शहरात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली. लोकांना आगाऊ सूचना देणे आणि पिण्याच्या पाण्याची सोय करणे या गोष्टींचा तीत समावेश होता. बांधकामावर किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. तेवढे पाणी त्याला हाताशी मिळाले नाही, तर घाम कमी होऊ लागतो, रक्त दाट होते आणि शरीराचे तापमान चढू लागते.