सूचना निघते, ती पोहोचते का? समाजमाध्यमांवरील सार्वजनिक पोस्टच्या प्रवासातील अडथळे

परभणी हे कृषी विद्यापीठाचे नगर म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. १८ मे १९७२ रोजी येथे स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेमार्फत दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानाचा अंदाज आणि त्यावर आधारित कृषी सल्ला प्रसृत केला जातो. शेतीविषयक सल्ला गावोगावी नेण्याचे काम एके काळी आकाशवाणीचे परभणी केंद्र, वृत्तपत्रे आणि चावडीवरील फलक यांच्यावर सोपविलेले असे. आज ते काम फार मोठ्या प्रमाणावर भ्रमणध्वनीने आपल्याकडे घेतले आहे. जिल्हा प्रशासन, कृषी विभाग, पंचायत समिती, शाळा आणि ग्रामपंचायत यांची सूचना आता फेसबुक, व्हॉट्सॲप वा इन्स्टाग्राम यांवरील पोस्टच्या रूपाने निघते.

परंतु सूचना निघणे वेगळे आणि ती पोहोचणे वेगळे. शुक्रवारी निघालेला फवारणीविषयीचा सल्ला पालम वा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या गावात सोमवारी पोहोचला, तर मधल्या पावसात औषध वाहून गेलेले असते. २०२४ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी परभणी व हिंगोली जिल्ह्यांसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठावरील शेतकऱ्याला नदीतील मोटार काढून घेण्यास आणि जनावरे उंचावर नेण्यास काही तासांचाच अवधी मिळतो. येलदरी धरणातून वा निम्न दुधना प्रकल्पातून पाणी सोडल्याची सूचना त्या अवधीत पोहोचली तरच तिला अर्थ आहे. म्हणून पोस्ट पुढे का जात नाही, हा प्रश्न केवळ यंत्राचा नसून लोकहिताचाही आहे.

दोष नेमका कोठे आहे?

पाणीपुरवठा योजनेत नळाला पाणी आले नाही, तर जाणता कारागीर प्रथम विहीर, मग पंप, मग टाकी आणि शेवटी तोटी पाहतो. सार्वजनिक पोस्टच्या बाबतीतही हाच क्रम उपयुक्त ठरतो. तिच्या प्रवासाचे तीन टप्पे असतात : जेथून ती निघते ते मूळ खाते, जे हात ती पुढे पाठवितात ते मधले दुवे, आणि ज्या भ्रमणध्वनीवर ती वाचली जाते तो शेवटचा माणूस. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरविले, तर उपाय बहुधा सोपा असतो.

पहिला टप्पा : मूळ पोस्ट

कार्यालयाने पोस्ट टाकली, परंतु इतरांना ती दिसत नाही, अथवा दिसली तरी पुढे पाठविता येत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. तिचे प्रमुख कारण म्हणजे पोस्टचा प्रेक्षकवर्ग. फेसबुकवर पोस्टच्या वेळेशेजारी एक लहान चिन्ह असते. पृथ्वीगोलाचे चिन्ह असल्यास पोस्ट सर्वांसाठी खुली आहे. माणसांचे चिन्ह असल्यास ती केवळ मित्रयादीपुरती आहे. मित्रयादीपुरती असलेली पोस्ट कोणी पुढे पाठविली, तरी मूळ यादीबाहेरच्या व्यक्तीस ‘मजकूर उपलब्ध नाही’ एवढेच दिसते. पोस्टचा प्रेक्षकवर्ग बदलून ‘सार्वजनिक’ केला की हा अडथळा दूर होतो. बंद गटात टाकलेली पोस्ट मात्र गटाबाहेर जात नाही. ती खुल्या पानावर नव्याने टाकावी लागते. इन्स्टाग्रामवरील खाते खाजगी असेल तर त्याचे अनुयायी नसलेल्यांना त्यावरील मजकूर दिसत नाही.

दुसरे कारण दुव्याचे, म्हणजेच लिंकचे. अर्जाचा नमुना वा लाभार्थ्यांसाठीची माहितीपुस्तिका गुगल ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा पाठविला जातो, आणि उघडणाऱ्यास मात्र परवानगी मागण्याची सूचना दिसते. दुवा असणाऱ्या प्रत्येकास पाहता येईल, अशी व्यवस्था करावयाची राहून गेलेली असते. कित्येकदा दुव्याच्या अखेरीस पूर्णविराम वा कंस चिकटल्याने, अथवा दुवा दोन ओळींत तुटल्याने तो उघडत नाही. दुवा नेहमी स्वतंत्र ओळीवर, पुढेमागे मोकळी जागा ठेवून लिहावा.

तिसरे कारण मराठी अक्षरांचे. संगणकावर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर भ्रमणध्वनीवर उतरविला की त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. मजकूर युनिकोडमध्येच टंकणे हा त्यावरील कायमचा उपाय आहे. केवळ पत्राचे छायाचित्र काढून टाकणे हा उपाय नव्हे. छायाचित्रातील अक्षरे लहान पडद्यावर वाचवत नाहीत, शोधता येत नाहीत आणि अंध व्यक्तीच्या भ्रमणध्वनीस बहुधा ती नीट वाचूनही दाखविता येत नाहीत. पत्र जोडायचे असल्यास ते दस्तऐवज म्हणून जोडावे, म्हणजे ते पुसट होत नाही, आणि त्याचा सारांश चार ओळींत पोस्टमध्येच द्यावा.

या तिन्ही दोषांची परीक्षा एकच आहे. कार्यालयाच्या खात्याशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर पोस्ट उघडून पाहावी. स्वतःच्या पडद्यावर ती नीट दिसते, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा टप्पा : मधले हात

जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेली पोस्ट ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक वा पंचायत सदस्य आपापल्या गटांत पाठवितात. एकाच वेळी अनेक गटांत ती जात नाही, अशी तक्रार येथे ऐकू येते. हा यंत्रातील बिघाड नसून हेतुपुरस्सर घातलेला बांध आहे. व्हॉट्सॲपवर कोणताही संदेश एका वेळी जास्तीत जास्त ५ ठिकाणी पाठविता येतो. जो संदेश आधीच पुढे पाठविलेला आहे, तो या पाचांपैकी एकाच गटात जाऊ शकतो. आणि जो बराच हस्तांतरित होऊन आला आहे, ज्यावर दुहेरी बाण दिसतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो.

हा बांध का घातला गेला, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली. अशा टोळ्यांविषयीच्या अफवा त्यापूर्वी भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरत होत्या. देशात अन्यत्रही असे प्रकार घडल्यानंतर त्याच महिन्यात भारतात पाच ठिकाणांची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली गेली.

म्हणून या मर्यादेवर युक्ती म्हणून मजकूर नक्कल करून चिकटविणे इष्ट नाही. नक्कल केलेल्या मजकुरावरून ‘पुढे पाठविलेला’ ही खूण जाते, आणि तो पाठविणाऱ्याचाच शब्द होऊन बसतो. योग्य मार्ग असा की, मूळ खात्यावर जावे, पोस्ट तेथे आहे याची खात्री करावी आणि तिचा दुवा तेथूनच आपल्या गटात द्यावा. मर्यादाही आड येत नाही आणि पडताळणीही होते. मूळ खात्यावर ती पोस्ट सापडलीच नाही, तर ती पुढे न पाठविणे हेच कर्तव्य ठरते.

तिसरा टप्पा : शेवटचा माणूस

संदेशापुढे एकच खूण असेल तर तो पाठविला गेला आहे, परंतु समोरच्या भ्रमणध्वनीवर उतरलेला नाही. दोन खुणा म्हणजे तो उतरला आहे. गटात टाकलेल्या आपल्या संदेशाची ‘माहिती’ उघडल्यास तो कोणाकोणापर्यंत पोहोचला, हे नावानिशी दिसते. पुराच्या इशाऱ्यासारख्या प्रसंगी ही यादी पाहून उरलेल्यांना दूरध्वनी करणे, हे पाच मिनिटांचे काम आहे.

ब्रॉडकास्ट यादीतून पाठविलेला संदेश काहींनाच मिळतो, याचे कारण वेगळे आहे. ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या भ्रमणध्वनीत साठविला आहे, त्यांनाच तो मिळतो. कार्यालयाचा क्रमांक ग्रामसभेत सांगून सर्वांना साठवावयास लावणे, हा त्यावरील उपाय होय. छायाचित्र वा चित्रफीत उघडत नसेल, तर भ्रमणध्वनीतील जागा भरलेली असणे वा आपोआप उतरविण्याची सोय बंद असणे, ही कारणे पाहावीत. महत्त्वाचा भाग चित्रात न ठेवता अक्षरांत ठेवला, तर दुर्बल जाळ्यातूनही तो पोहोचतो.

शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात सात वर्षांवरील सुमारे एकचतुर्थांश व्यक्ती निरक्षर होत्या. त्यांच्यासाठी त्याच पोस्टबरोबर अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश जोडणे उचित ठरेल. ज्यांच्या घरी असा भ्रमणध्वनीच नाही, त्यांच्यासाठी दवंडी, मंदिराचा वा मशिदीचा ध्वनिक्षेपक आणि ग्रामपंचायतीचा फलक आजही तितकेच आवश्यक आहेत. ग्रामसभेची रीतसर सूचना व्हॉट्सॲपवर दिली म्हणून फलकावरील सूचनेतून सुटका होत नाही.

जी पोस्ट थांबत नाही

पोस्ट पुढे न जाणे हा एक दोष, तर ती मुदत संपल्यावरही फिरत राहणे हा दुसरा आणि कदाचित अधिक घातक दोष होय. राज्यात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास एक रुपयात पीकविम्यात सहभागी होता येत होते. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत संपून खरीप पिकांसाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता शेतकऱ्याकडे आला. ‘एक रुपयात विमा’ सांगणारी जुनी पोस्ट आज सोयाबीन वा कापूस उत्पादकाच्या हाती पडली, तर तिच्यातील प्रत्येक शब्द एके काळी खरा असूनही ती त्याची दिशाभूल करील. पावसाचा इशाराही असाच आहे. भारतीय हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी वा लाल इशारा ठरावीक दिवसापुरता असतो. पडद्याचे छायाचित्र काढताना तारीख कापली गेली की, तो इशारा वर्षभर कोणत्याही दिवसाचा होऊ शकतो.

येथे दुरुस्तीची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. व्हॉट्सॲपवरील आपला संदेश १५ मिनिटांपर्यंत सुधारता येतो आणि सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. परंतु दुसऱ्यांनी तोपर्यंत पुढे पाठविलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून चूक गुपचूप पुसण्यापेक्षा, ‘अमुक वाजता दिलेली सूचना चुकीची होती, योग्य माहिती अशी’ असा स्पष्ट संदेश त्याच गटांत देणे श्रेयस्कर. तो संदेशही पहिल्यामागोमाग प्रवास करू शकतो.

काय पाठवू नये

सार्वजनिक पोस्टमध्ये लाभार्थ्यांचे आधार क्रमांक व बँक खात्यांचा तपशील देऊ नये. आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार अधिनियमाने मनाई केली आहे. शासकीय योजनेच्या नावाने येणारी ‘एपीके’ स्वरूपाची फाइल कदापि पुढे पाठवू नये. अशा फाइलींद्वारे बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडतात. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. लोकांत भीती वा समाजासमाजांत वैर पसरवील अशी खोटी माहिती प्रसृत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी सामान्य प्रशासन विभागाच्या २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याची, तसेच योजनांची माहिती प्राधिकृत व्यक्तींनीच पूर्वमान्यतेने देण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत.

पाच गोष्टी

सारांश, सार्वजनिक पोस्ट तयार करताना पुढील पाच गोष्टी तिच्या मजकुरातच असाव्यात :

१. सूचना देणाऱ्या कार्यालयाचे नाव.
२. दिनांक व वेळ.
३. सूचना कोणत्या तालुक्यास वा गावांस आणि कोठपर्यंत लागू आहे, त्याची मुदत.
४. नागरिकाने नेमके काय करावे, ते एका वाक्यात.
५. पडताळणीसाठी मूळ पोस्टचा दुवा.

या पाच गोष्टी असलेली पोस्ट कोणी कोठूनही उचलली, तरी ती आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन जाते. पूर्वी दवंडी देणारा चौकात उभा राहून आधी कोणाचा हुकूम आहे ते सांगे, आणि मग हुकूम सांगे. त्याला गाव ओळखत असे, म्हणून त्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवी. आज ती जागा जिल्ह्यातील प्रत्येक शिक्षकाकडे, पंचायत सदस्याकडे आणि कर्मचाऱ्याकडे आली आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याने रात्री आलेला इशारा वाचून मोटार काढावी की न काढावी, हे अखेर त्या इशाऱ्यावर त्याचा किती विश्वास आहे यावरच ठरते. तो विश्वास प्रत्येक खरी सूचना वेळेवर पोहोचविल्याने वाढतो, आणि न तपासता पुढे ढकललेल्या एका पोस्टनेही उणा होतो.