कापडाचे छप्पर

लहान शिडाच्या होडीवर कापडाचे आच्छादन घालतात, ते कोठे सावलीसाठी, तर कोठे लाटांचे तुषार आत येऊ नयेत म्हणून. शांत बंदरात हे काम क्षुल्लक वाटते. परंतु १९१६ सालच्या एप्रिल महिन्यात अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर एका सुताराला हेच काम करावे लागले, तेव्हा त्याच्या कापडावर अठ्ठावीस माणसांचे प्राण अवलंबून होते.

सर अर्नेस्ट शॅकल्टन याचे 'एन्ड्युअरन्स' जहाज वेडेल समुद्रातील बर्फात अडकून चिरडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. तरंगत्या बर्फावर कित्येक महिने काढून ती मंडळी तीन होड्यांतून या ओसाड बेटावर पोहोचली. तेथे कोणी जहाज येण्याची आशा नव्हती. मदत मिळण्याजोगे ठिकाण म्हणजे दक्षिण जॉर्जिया बेटावरील देवमाशांच्या शिकाऱ्यांची ठाणी. पण ते बेट सुमारे १,५०० किलोमीटर दूर, आणि मध्ये जगातील अत्यंत खवळलेला समुद्र! शॅकल्टनने 'जेम्स केअर्ड' ही होडी निवडली. तिची लांबी अवघी साडेबावीस फूट होती आणि वरून ती उघडीच होती. तशा होडीत एकच मोठी लाट शिरली असती, तरी सारा खेळ आटोपला असता.

हॅरी मॅकनिश हा स्कॉटलंडचा सुतार स्वभावाने तुसडा, पण हाताचा मोठा कसबी होता. बर्फावर मुक्काम असतानाच त्याने होडीचे काठ उंच केले होते. फळ्यांच्या सांधी बुजविण्यास डांबर नव्हते. म्हणून दिव्याच्या वाती, चित्रकार मार्स्टनचे तैलरंग आणि सीलचे रक्त त्याने त्या कामी लावले. आता त्याला वरचे छप्पर उभारावयाचे होते. लाकूड जवळजवळ नव्हतेच. बर्फावरून ओढावयाच्या गाड्यांच्या तळपट्ट्या आणि खोक्यांची झाकणे जोडून त्याने सांगाडा केला. राहता राहिले कापड. ते थंडीने असे कडक झाले होते की, त्यातून सुई जाईना. सीलच्या चरबीवर जळणाऱ्या चुलीवर ते फूटफूटभर धरून ऊन करावे आणि मग शिवावे, असे ते काम चालले. सुकाणू धरणाऱ्यासाठी मागच्या बाजूस एक उघडी जागा ठेविली होती.

खिळे मात्र खोक्यांतूनच उपटून काढलेले होते. ते आखूड होते, आणि हा दोष पुढे जाचक ठरणार होता. तयार छप्पर पाहून शॅकल्टनच्या मनातही शंका आली. नाटकातला भिंतीचा पडदा लांबून दगडी दिसतो, तसेच तर हे नव्हे?

२४ एप्रिल रोजी सहाजण निघाले. शॅकल्टन, वाट काढणारा वॉर्स्ली, क्रीन, मॅकार्थी, व्हिन्सेंट आणि स्वतः मॅकनिश. आपल्या हातच्या कामाखाली आपणच निजावयाचे, असा प्रसंग सुतारावर क्वचितच येतो! कापडाखाली नीट बसता येण्याइतकीही उंची नव्हती. भारासाठी भरलेल्या दगडांवरून सरपटतच पुढे जावे लागे. लाटेचे पाणी कापडावर साचे, कापड खाली झुके, आणि आखूड खिळ्यांनी बसविलेल्या पट्ट्या हलून डझनभर ठिकाणी पाणी आत ठिबके. म्हणून एकजण सदैव पाणी उपसण्याच्या कामी असे.

मध्यंतरी वादळात उडालेले तुषार कापडावर पडताच गोठू लागले. बर्फाचा थर वाढता वाढता होडी इतकी जड झाली की, ती लाटेवर उचलेना. तेव्हा आळीपाळीने एकेकाने त्या निसरड्या छपरावर रांगत जावे आणि कुऱ्हाडीने बर्फ तोडावा, असा क्रम सुरू झाला. घाव अंमळ खोल बसता, तर बर्फाबरोबर छप्परही फाटले असते. जादा वल्ही आणि गोठून दगड झालेल्या दोन निजावयाच्या पिशव्याही त्यांनी समुद्रात टाकून दिल्या.

१० मे रोजी ते दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यास लागले. ठाणी मात्र बेटाच्या पलीकडच्या बाजूस होती. हिमाच्छादित डोंगर ओलांडण्यास तिघे निघाले, तेव्हा पाय घसरू नयेत म्हणून मॅकनिशने होडीतलेच स्क्रू काढून त्यांच्या बुटांच्या तळव्यांत बसविले. तो स्वतः दोन सोबत्यांसह उपड्या होडीखाली राहिला. पुढे ३० ऑगस्ट रोजी चिलीच्या 'येल्चो' या बोटीने एलिफंट बेटावरील बावीसजणांना सोडविले. त्यांतला एकही दगावला नव्हता.

त्या आच्छादनावाचून आपण तरलो नसतो, हे शॅकल्टनने पुढे आपल्या ग्रंथात मोकळेपणाने लिहिले. तथापि पोलर पदकासाठी ज्या चौघांची नावे गेली नाहीत, त्यांत मॅकनिश होता. बर्फावरील मुक्कामात त्याने एकदा हुकूम मानण्यास नकार दिला होता. ती गोष्ट विसरली गेली नाही. वेलिंग्टन येथे १९३० साली तो दारिद्र्यात वारला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो १९५९ साली, न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक सोसायटीच्या खटपटीने. 'जेम्स केअर्ड' मात्र शॅकल्टनच्या शाळेत, लंडनच्या डलिच कॉलेजात, जपून ठेविली आहे.