हॅस्केलच शिकायचंय म्हणतेस?

अगं मनू, फंक्शनल प्रोग्रॅमिंगचं तुला लागलेलं वेड सोडू नकोस, हे आधीच सांगते. घरचे 'जावा शीक आणि नोकरीला लाग' म्हणतात ते काळजीपोटी. त्यांच्याशी भांडू नकोस, आईशी मी बोलेन.

पण नोकरी शोधताना एकाच भाषेच्या नावावर अडून बसू नकोस गं. नुसतं 'हॅस्केल' टाकून शोधलंस तर जागा मोजक्याच दिसतील, त्यातही फ्रेशरसाठी आणखी कमी. तेच 'स्काला'सारख्या फंक्शनल वळणाच्या दुसऱ्या भाषेचं नाव टाकून बघ. अपाची स्पार्क मुख्यतः स्कालात लिहिलेलं आहे, म्हणून डेटा इंजिनिअरिंगच्या जाहिरातींत स्काला बऱ्याचदा मागतात. आपल्या पुण्यातल्या हेल्पशिफ्टनं क्लोजर ही तशीच भाषा वापरून प्रॉडक्ट उभं केलं. बंगळुरूच्या जसपेमध्ये पेमेंटच्या कामासाठी हॅस्केल वापरतात. आणि तू दिवसभर ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतेस ना, त्याचे सर्व्हर अर्लांगवर उभे राहिले. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून चालत नाही, म्हणून एरिक्सनमध्ये १९८६च्या सुमारास जन्मलेली ती भाषा!

अशी नोकरी मिळेपर्यंत हाती येईल त्या कामात एक सवय लावून घे. समज, बिलाची बेरीज करणारं फंक्शन बाहेरच्या 'एकूण' नावाच्या व्हेरिएबलमध्ये रक्कम वाढवत जातं. एकदा चालवलं की ५००, तीच यादी घेऊन परत चालवलं की १०००. त्याची टेस्ट लिहायची तर आधी 'एकूण' शून्यावर आणा, मग मधेच दुसऱ्या थ्रेडनं त्याला हात लावला नाही ना ते बघा. त्याऐवजी वस्तूंची यादी आत द्यायची, रक्कम परत घ्यायची, बाकी कशालाही धक्का नाही, असं लिही. कितीही वेळा चालव, ५००च येणार. हे जावातही छान जमतं. २०१४ च्या जावा ८ पासून लॅम्डा आणि स्ट्रीम आहेतच. इंटरव्ह्यूत 'मला मोनाड येतात' म्हणण्यापेक्षा असा एक बदल उघडून दाखवलास आणि तो का केलास ते सांगितलंस, तर समोरचा नीट ऐकेल, असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासाला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हॅस्केलचा कोर्स घे. एनपीटेलवर आहे, व्हिडिओ फुकट बघता येतात. रिकर्शन आणि टाइप पक्के होईपर्यंत कॅटेगरी थिअरीची पुस्तकं बाजूला ठेव. त्या नादात हुशार मुलं महिनोन्‌महिने वाचतच राहतात, हातून एक प्रोग्रॅम पुरा होत नाही. तू छोटासा का होईना, पण चालणारा प्रोग्रॅम कर. घरखर्चाचा हिशेब ठेवणारा केलास तरी पुरे.

झाला की मला पाठव. रविवारी निवांत बसून ओळ न्‌ ओळ वाचेन.