संगणकाची आवक-जावक

मोबाइलवरून बसचे तिकीट काढताना पुष्कळांना एक अनुभव येतो. पैसे भरण्याचे बटण दाबले जाते, पडद्यावरचे चक्र फिरू लागते आणि नेमके त्याच वेळी इंटरनेट बंद पडते. पैसे गेले का? जागा राखली गेली का? पुन्हा बटण दाबले तर पैसे दोनदा जातील का? प्रवाशाला पडणारे हे प्रश्न तिकिटे विकणाऱ्या संगणकापुढेही असतात. ते कसे सोडवले जातात, हे आपण पाहू या.

सर्व किंवा काहीच नाही

समजा, एका बससेवेच्या संगणकात दोन तक्ते आहेत. एकात प्रवाशांनी आगाऊ भरलेल्या रकमा आहेत, दुसऱ्यात बसमधील जागा आहेत. तिकीट ४५० रुपयांचे आहे. संगणकाने दोन नोंदी करायच्या: प्रवाशाच्या रकमेतून ४५० वजा करायचे आणि १२ क्रमांकाची जागा त्याच्या नावे लिहायची. पहिली नोंद होताच वीज गेली, तर प्रवाशाचे पैसेही गेले आणि जागाही नाही!

म्हणून या दोन नोंदी मिळून एकच अखंड ‘व्यवहार’ मानतात. नियम असा, की व्यवहारातील सर्व नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही. ही कल्पना पक्क्या पायावर उभी करण्यात अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा मोठा वाटा आहे. त्यासाठी त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

वीज मध्येच जाऊ शकते, मग हा नियम पाळायचा कसा? याचे उत्तर जुन्या दुकानदारांना ठाऊक होते. दिवसाचा प्रत्येक व्यवहार ते आधी कीर्दीत लिहीत आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेत. संगणकही तसेच करतो. त्याच्या कीर्दीला ‘लॉग’ म्हणतात. करायचे बदल आधी लॉगमध्ये लिहून डिस्कवर कायम केले जातात आणि शेवटी ‘व्यवहार पूर्ण’ असा शेरा मारला जातो. वीज परत आली की संगणक प्रथम लॉग वाचतो. ज्या व्यवहारापुढे शेरा आहे तो पुरा करतो. ज्यापुढे नाही त्याचा काही अंश तक्त्यात उतरला असेल तर तो पुसून टाकतो.

संदेश बाहेर जातो तेव्हा

येथपर्यंत सारे एकाच संगणकात घडत होते. परंतु आजची मोठी संकेतस्थळे अनेक संगणकांवर चालतात आणि ते एकमेकांना संदेश पाठवतात. ‘तिकीट विकले’ हा संदेश मिळाला की एक संगणक प्रवाशाच्या मोबाइलवर एसएमएस धाडतो, तर दुसरा वाहकाच्या यादीत नाव घालतो.

आता अडचण पाहा. आधी व्यवहार पुरा करून मग संदेश पाठवायचा ठरवले आणि या दोहोंच्या मध्ये वीज गेली, तर जागा विकली जाते, पण वाहकाच्या यादीत नाव येत नाही. उलट, आधी संदेश पाठवला आणि मग वीज गेली, तर न विकलेल्या जागेवर यादीत प्रवासी बसतो! क्रम कोणताही घ्या, फट राहतेच. कारण कीर्द आपल्या ताब्यात असते, बाहेरची वाट नसते.

तुम्ही म्हणाल, ‘पोचपावती मागवावी.’ पण पावतीही वाटेत हरवू शकते. मग पावतीची पावती मागवावी काय? १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम व ह्यूबर यांनी हा प्रश्न मांडला. पुढे ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचे कोडे असे रूप दिले. दोन टेकड्यांवर एकाच सैन्याच्या दोन तुकड्या आहेत आणि मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पण निरोप्या दरीत पकडला जाऊ शकतो. किती निरोपांनंतर दोघांचीही खात्री पटेल?

समजा, कमीत कमी ‘न’ निरोप पुरतात. त्यांतला शेवटचा निरोप हरवू शकतो आणि तो पाठवणाऱ्याला ते कळणार नाही. तरीही त्याने हल्ला करायचाच असेल, तर हल्ला त्या निरोपावर अवलंबून नव्हता. म्हणजे ‘न’ वजा १ निरोपही पुरले असते. हे तर आपल्या गृहीताच्या विरुद्ध झाले. तेव्हा निरोप कितीही पाठवा, दोघांची पूर्ण खात्री पटणे अशक्य!

जावक आणि आवक

पूर्ण खात्री मिळत नसेल तर थोडक्यात भागवावे लागते. संदेश निदान एकदा तरी पोहोचावा, आणि तो दोनदा पोहोचला तरी नुकसान होऊ नये, एवढे पुरे. तुमच्या शाळेच्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवह्या आठवा, म्हणजे पुढची रीत लगेच समजेल.

पाठवणारा संगणक संदेश एकदम पाठवत नाही. त्याच्या ‘जावक’ तक्त्यात तो क्रमांक घालून लिहितो, आणि ही नोंद तिकिटाच्या व्यवहाराचाच भाग असते. त्यामुळे जागा विकली असेल तर जावक नोंद असतेच. विकली नसेल तर नसतेच. दुसरी एक आज्ञावली हा तक्ता सतत पाहत राहते आणि पोचपावती येईपर्यंत संदेश पुन्हापुन्हा पाठवते.

घेणारा संगणक ‘आवक’ तक्ता ठेवतो. संदेश आला की त्याचा क्रमांक तेथे आहे का ते पाहतो. असेल तर काम न करता नुसती पावती देतो. नसेल तर क्रमांकाची नोंद आणि यादीतील नाव या दोन गोष्टी एकाच व्यवहारात करतो आणि मग पावती देतो.

पुन्हा बटण दाबण्याच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. मागणीला क्रमांक आधीच दिलेला असेल आणि दुसऱ्या वेळी तोच क्रमांक गेला, तर संगणक ती जुनी मागणी म्हणून ओळखतो आणि पैसे एकदाच घेतो. एसएमएसची गोष्ट मात्र वेगळी. एकदा गेलेला एसएमएस परत घेता येत नाही आणि तो पाठवणे आपल्या व्यवहारात बांधताही येत नाही. म्हणून कधीकधी एकच एसएमएस दोनदा येतो. मुळीच न येण्यापेक्षा ते बरे!

करून पाहा

वर्गात दोन मुले पाठवणारा आणि घेणारा होतील, तिसरा टपालवाला. टपालवाल्याने प्रत्येक चिठ्ठी व प्रत्येक पावती नेताना नाणे उडवावे. छाप पडली तर ती पोहोचवावी, काटा पडला तर फाडावी. पावती मिळेपर्यंत पाठवणाऱ्याने त्याच क्रमांकाची चिठ्ठी पुन्हा लिहावी. असे वीस-पंचवीस संदेश पाठवून मोजदाद करा.

चिठ्ठी पोहोचण्याची संभाव्यता १/२ आणि पावतीचीही १/२. दोन्ही पोहोचण्याची १/४. म्हणून एका संदेशासाठी सरासरीने ४ चिठ्ठ्या लिहाव्या लागतील आणि त्यांतल्या २ पोहोचतील. म्हणजे या खेळात प्रत्येक संदेश सरासरीने दोनदा पोहोचतो! आवक नोंदवही नसती तर वाहकाच्या यादीत किती नावे दोनदा आली असती, ते तुमच्या मोजणीवरून काढा.