घरचा संगणक बदलावा का?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवाने रचली आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ हीही अनुभवानेच रचली. पण कालमानाप्रमाणे चालावे, असेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. ही सारी वचने एकाच घरात एकाच वस्तूविषयी उच्चारली जाऊ लागली, म्हणजे निर्णय कठीण होतो. आपल्या मुरगाव तालुक्यातील पुष्कळ घरांत ती वस्तू म्हणजे संगणक होय. टेबलाखाली आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला उभा डबा आहे. दुकानात तळहातावर मावेल असा नवा डेस्कटॉप ठेवलेला आहे; त्याला ‘मिनी पीसी’ म्हणतात. दहावीतील मुलगी म्हणते, जुन्यावर अभ्यास होत नाही. वडील म्हणतात, तो तर अजून चालतो आहे. दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे असते.

चवथीच्या सणाला दुकानदार सवलत देतात आणि घाईने खरेदी होते. परंतु ज्या घरात महिन्याच्या प्राप्तीतून थोडे थोडे बाजूला टाकून अशी वस्तू घ्यावी लागते, तेथे चुकीच्या निर्णयाचा भार वर्षभर सोसावा लागतो. म्हणून ‘नवा घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे न सांगता, हा निर्णय कोणत्या क्रमाने करावा, तेवढे या पाठात पाहू.

१. यंत्र लहान कसे झाले?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली रीतसर कार्यान्वित झाला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याचा मुख्य सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच होता आणि त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. पुढे एकाच सिलिकॉनच्या चकतीवर असंख्य ट्रान्झिस्टर बसू लागले आणि यंत्राचा आकार उतरत गेला. २०२४ साली आलेला ‘मॅक मिनी’ १२.७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. शाळेच्या डब्याहून तो फारसा मोठा नव्हे.

पण याच संस्थेने १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकन बनावटीचा मोठा संगणक आणला, हेही ध्यानात घ्यावे. संशोधनाचा व्याप वाढला होता आणि तो पेलण्याचे सामर्थ्य जुन्या यंत्रात नव्हते. आपल्या पाठाचे सूत्र येथेच सापडते. नवे यंत्र अधिक चांगले आहे का, हा मूळ प्रश्नच नव्हे, कारण नवे यंत्र बहुधा चांगले असतेच. आपले कोणते काम जुन्या यंत्रावर अडते आणि ते का अडते, हा खरा प्रश्न होय.

२. आधी निदान, मग औषध

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. संगणकाचीही नाडी पाहता येते. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे शेकडा आकडे पाहावेत व वहीत टिपून ठेवावेत.

मेमरीचा आकडा सतत नव्वदीच्या वर असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम म्हणजे काम मांडण्याचे मेज. मेज लहान असले की कागद पुन्हा पुन्हा कपाटात ठेवावे व काढावे लागतात; हे कपाट म्हणजे डिस्क. जुन्या टॉवरमध्ये ४ जीबीच्या जागी ८ जीबी रॅम बसविणे बहुधा शक्य असते.

डिस्कचा आकडा शंभराला टेकून राहत असेल, तर कपाटच मंद आहे. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई योग्य जागी सरकते. प्रत्येक वेळी या शोधात सुमारे १० सहस्रांश सेकंद जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे हाच शोध सुमारे शंभरपट लवकर संपतो. म्हणून पुष्कळशा ‘म्हाताऱ्या’ संगणकांना केवळ एसएसडी बसविताच तारुण्य आल्यासारखे वाटते.

प्रोसेसरचाच आकडा साध्या कामातही शंभराजवळ राहत असेल, तर दोन शक्यता आहेत. एक, प्रोसेसर खरोखरच दुबळा आहे. दुसरी आपल्या गावाच्या हवेतली आहे. मुरगाव हे कोळसा व खनिज हाताळणारे बंदर आहे. खिडकीच्या गजांवर बसणारी काळी भुकटी संगणकाच्या पंख्यावाटे आतही जाते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर तिचा थर बसतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. अशा वेळी नव्या यंत्राची नव्हे, मऊ कुंचल्याची गरज असते. समुद्राची खारी, दमट हवा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवरही परिणाम करते. ती पट्टी काढून दात खोडरबराने हलकेच पुसतात, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक असते. मात्र असे काम वीज पूर्ण तोडून आणि जाणत्या माणसासमोरच करावे.

आणखी एक लहानसा विकार सांगतो. संगणक सुरू करताच दर वेळी भलतीच जुनी तारीख दिसते आणि संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. अशा वेळी पुष्कळदा मदरबोर्डावरील ‘सीआर २०३२’ नावाची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. एवढ्याशा कारणासाठी संपूर्ण यंत्र मोडीत काढणे म्हणजे उशीखालची सुई हरवली म्हणून पलंग विकण्यासारखे आहे.

३. रूळ बदलतात तेव्हा

कधी कधी मात्र यंत्र धडधाकट असूनही अडचण येते. हे समजण्यासाठी आपल्या रेल्वेकडे पाहावे. मुरगाव बंदरातून निघणारी रेल्वे १८८० नंतरच्या दशकात सुरू झाली, तेव्हा तिच्या दोन रुळांतील अंतर एक मीटर होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग रुंद झाला आणि अंतर १.६७६ मीटर झाले. त्या दिवशी मीटर मार्गावरची चांगली इंजिने काही बिघडली नव्हती. त्यांच्या पायाखालचे रूळच बदलले होते.

संगणकाचे रूळ म्हणजे त्याची कार्यप्रणाली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत ठेवण्यात आली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. पण प्रणालीत नवे छिद्र सापडले तर ते बुजविले जात नाही, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या घराला हा धोका लहान नव्हे.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘सिक्युअर बूट’ची सोय, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचे प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतरचे, या यादीत आहेत. आपले यंत्र बसते की नाही, हे ‘पीसी हेल्थ चेक’ हा मायक्रोसॉफ्टचा विनामूल्य कार्यक्रम सांगतो. कित्येकदा टीपीएमची सोय यंत्रात असते, परंतु ती केवळ चालू केलेली नसते.

यंत्र त्या यादीत नसेल, तरी दुसरे रूळ आहेत. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. त्यांत देवनागरी लिहिता येते आणि जुन्या यंत्रावर त्या बऱ्यापैकी चालतात. या शतकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून परदेशांत वापरलेले संगणक आपल्याकडील शाळांना मिळाले, तेव्हाही लिनक्सचाच आश्रय घेतला गेला होता. केरळातील सरकारी शाळांनी तर याच मार्गावर सारा संगणक-अभ्यास उभा केला. मात्र घरात एखादे काम असेल की जे फक्त विंडोजवरच होते, तर आधी त्याची चौकशी करावी.

४. लहान यंत्राचे गुण आणि मर्यादा

एवढे करूनही काम अडत असेल, तर नवे यंत्र घेणे योग्यच होय. छोट्या डेस्कटॉपला जागा थोडी लागते, आवाज कमी असतो आणि वीज कमी लागते. पावसाळ्यात वीज गेली तर घरचा यूपीएस त्याला अधिक वेळ आधार देतो. जुना पडदा, कळफलक आणि माऊस पुन्हा वापरता येतात, म्हणून लॅपटॉपच्या मानाने खर्चात बचत होऊ शकते.

परंतु ‘लहान’ या शब्दाची किंमतही द्यावी लागते. आत जागा नसल्यामुळे पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड बसत नाही. काही यंत्रांत रॅम बदलता येते, काहींत ती कायमची जडवलेली असते. मॅक मिनीत पुढे रॅम वाढवताच येत नाही. म्हणून घेतानाच किमान ८ जीबी, आणि पाच-सहा वर्षे वापरायचे असल्यास १६ जीबी पाहावी. पंखा लहान व झरोके अरुंद असल्याने बंदराजवळच्या घरी धूळ लवकर साचते. तेव्हा यंत्र उघडून साफ करता येते का, हे दुकानातच विचारावे. जुन्या पडद्याला फक्त व्हीजीए जोडणी असेल आणि नव्या यंत्राला एचडीएमआय, तर मधला जोड वेगळा घ्यावा लागतो. पुष्कळशी छोटी यंत्रे पडदा व कळफलकाविना विकली जातात, आणि काहींत कार्यप्रणालीही नसते. जाहिरातीतील किंमत पाहून हुरळून जाऊ नये.

विजेची बचत हे कारणही गणिताने तपासावे. समजा जुना टॉवर ८० वॅट व नवा २० वॅट वीज घेतो. फरक ६० वॅट. रोज ४ तास, वर्षाचे ३०० दिवस वापर धरला, तर ६० × ४ × ३०० = ७२,००० वॅट-तास, म्हणजे ७२ युनिट वाचतील. युनिटला ४ रुपये धरल्यास वर्षाला २८८ रुपये आणि पाच वर्षांत १,४४० रुपये होतात. बचत खरी आहे, पण नव्या यंत्राची किंमत एवढ्यावर भरून निघत नाही.

५. जुन्या अक्षरांचा ठेवा

आपल्या मराठी घरांना एक विशेष काळजी घ्यावी लागते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या टंक-संचांत लिहिला जाई. आजोबांचे लेख, नाट्यप्रयोगाची संहिता, देवस्थानाचा हिशेब, शाळेच्या अंकांचा मजकूर अशा कितीतरी गोष्टी तशाच पडून आहेत. तो टंक नसलेल्या यंत्रावर ही अक्षरे अर्थहीन चिन्हांसारखी दिसतात. शिवाय काही जुन्या संचांना यंत्रामागे लावायची किल्ली लागे, आणि तिची खोबण नव्या यंत्राला नसते. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, वाचून पाहावा व दोन वेगळ्या ठिकाणी साठवावा. यंत्र पुन्हा विकत मिळते. आजोबांचे हस्तलिखित गहाळ झाले असेल आणि त्यांचा लेख केवळ त्या डिस्कवर असेल, तर तो पुन्हा मिळत नाही.

सर्व प्रती तपासल्यावर जुनी डिस्क पुसावी. नुसती ‘डिलीट’ केलेली माहिती परत काढता येते. जुने यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. त्यात शिशासारखी विषारी द्रव्ये असतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावे. चालू स्थितीत असेल, तर लिनक्स घालून एखाद्या गरजू विद्यार्थ्याला देणे हे त्याहून उत्तम.

६. तात्पर्य

कामे लिहून काढा. कोणते काम अडते ते पाहा. अडथळा धूळ, बॅटरी, रॅम की डिस्क यांत आहे, हे शोधा आणि दुरुस्तीचा अंदाज विचारून घ्या. तो नव्या यंत्राच्या संपूर्ण किमतीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल आणि प्रणालीची वाट मोकळी असेल, तर जुने ठेवा. प्रोसेसरच दुबळा असेल, किंवा लागणारी प्रणाली त्यावर चालतच नसेल, तर संकोच न करता नवे घ्या. यात मुलीचे ऐकले की वडिलांचे, हा प्रश्न उरत नाही, कारण दोघेही वहीतल्या आकड्यांचे ऐकतात. ज्या घरात निर्णय असा होतो, तेथे पैशाबरोबर एकमेकांवरचा विश्वासही वाचतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर तीन वेगवेगळी कामे चालू असताना प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आकडे टिपा आणि आपले निदान चार ओळींत लिहा.
२) जुने यंत्र ९० वॅट व नवे ३० वॅट वीज घेते. रोज ५ तास व वर्षाचे २५० दिवस वापर धरून वर्षाला किती युनिट वाचतील ते काढा.
३) ‘रूळ बदलले, इंजिन बिघडले नाही’ या वाक्याचा संगणकाच्या संदर्भातील अर्थ स्पष्ट करा.
४) घरातील जुन्या संगणकावर कोणता मराठी किंवा कोंकणी मजकूर साठवलेला आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारा व त्याची यादी करा.