नभोवाणीची नावे : एक अभ्यास

वर्गात हजेरी घेताना प्रथम नाव पुकारले जाते आणि मग 'हजर' असे उत्तर येते. पत्र वाचण्यापूर्वी ते कोणाचे हे आपण खालच्या सहीवरून पाहतो. बोलणारा कोण हे कळल्यावाचून त्याच्या बोलण्याचे मोल ठरविता येत नाही. नभोवाणीवर तर बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, सहीही दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक केंद्र आपले नाव पुनःपुन्हा उच्चारीत असते. या नावांमागे केवढा इतिहास दडला आहे, याचा आज आपण थोडा विचार करू.

विद्युत्‌लहरी देशांच्या सीमा जाणत नाहीत. त्यामुळे कोणता संदेश कोणत्या देशातून आला हे ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक देशाला काही अक्षरे वाटून दिली आहेत. अशा अक्षरांनी बनलेल्या खुणेला 'हाक-चिन्ह' म्हणता येईल. भारताच्या वाट्याला आलेल्या अक्षरांत 'व्ही.यू.' ही जोडी आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे चिन्ह '७ बी.वाय.' असे होते. पुढे मुंबईचे 'व्ही.यू.बी.', कलकत्त्याचे 'व्ही.यू.सी.' आणि दिल्लीचे 'व्ही.यू.डी.' झाले. पहिली दोन अक्षरे देशाची आणि तिसरे शहराचे, अशी ही सुटसुटीत योजना होती.

अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी या अक्षरांचाही जाहिरातीसाठी उपयोग करून घेतला. शिकागो शहरातील एका वृत्तपत्राच्या केंद्राने 'डब्ल्यू.जी.एन.' हे चिन्ह घेतले. त्याचा अर्थ 'जगातील सर्वांत थोर वृत्तपत्र'! त्याच शहरातील एका दुकानदार कंपनीने 'डब्ल्यू.एल.एस.', म्हणजे 'जगातील सर्वांत मोठे दुकान', असे चिन्ह मिळविले. आपल्याकडे अलीकडे 'मिर्ची' हे नाव धारण करणारे केंद्र निघाले, तेही याच कुळातले. ऐकताच जिभेवर राहावे, हाच त्या नावाचा हेतू.

परंतु सामान्य माणसाला अक्षरांपेक्षा शब्द अधिक जवळचा वाटतो. १९३६ साली सरकारी नभोवाणीस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. त्याच्या आद्याक्षरांतून इंग्रजीतील 'हवा' या अर्थाचा शब्द तयार होतो, ही त्यातील गंमत. त्याच्या आदल्या वर्षी म्हैसूर येथे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या खासगी केंद्रास 'आकाशवाणी' असे नाव दिले होते. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. कंसाला देवकीच्या आठव्या पुत्राविषयी सावध करणारी आकाशवाणी आपणांस कथेतून ठाऊक आहे. त्या वाणीने आपले नाव सांगितले नव्हते, कारण ती दैवी होती. माणसाच्या वाणीला मात्र ही सूट नाही.

आता आपल्या गोमंतकाकडे वळू. पोर्तुगीज राजवटीत पणजीहून बोलणाऱ्या केंद्राचे नाव होते 'एमिसोरा द गोवा', म्हणजे गोव्याचे प्रक्षेपण केंद्र. नावात गोवा होता, पण त्यावरील सत्ता गोमंतकीयांची नव्हती. परकी सत्ता नावांनाही आपल्या सोयीने वळविते. पेडण्याचे 'पेर्नेम' आणि डिचोलीचे 'बिचोलिम' झाले, ही रूपे रोमी लिपीतील पाट्यांवर आपण आजही वाचतो.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालाच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, एक नवा आवाज गोव्यात ऐकू येऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तो चालवीत. पेडण्यापासून फार दूर नसलेल्या आंबोलीच्या अरण्यात आणि नंतर कॅसलरॉकच्या परिसरात राहून त्यांनी हे कार्य डिसेंबर १९६१ पर्यंत केले. या केंद्राची नावे दोन होती. पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेर्दाद', म्हणजे स्वातंत्र्याचा आवाज, आणि कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'.

या दोन नावांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पहिले नाव राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत ऐकविलेले होते. दुसरे घरातल्या माणसांसाठी होते. आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरात 'सोडवण' हा शब्द परका नाही. मराठीतील 'सोडवणूक' त्याचीच बहीण. बांधलेल्याला मोकळे करणे, अडकलेल्याची सुटका करणे, हा अर्थ निरक्षर आजीलाही समजावून सांगावा लागत नाही. म्हणून हे नाव म्हणजे नुसती खूण नव्हती. त्या केंद्राचा सारा कार्यक्रम त्या एका शब्दात सामावला होता.

येथे एक शंका उपस्थित होईल. हे केंद्र तर गुप्त होते. मग नाव सांगण्याचा नियम त्याने पाळला असे कसे म्हणावे? त्याचे उत्तर असे की, त्याने आपले ठिकाण लपविले, पण आपला हेतू कधीच लपविला नाही. ऐकणाऱ्याला आवाज कोणाच्या बाजूचा हे पहिल्याच वाक्यात कळत असे. १९४२ साली उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचीही हीच रीत होती.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने बांबोळी येथील बिनतारी केंद्र निकामी केले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. त्या वेळी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकावरून मुक्तीची वार्ता जनतेला ऐकविली. अरण्यात दडलेली वाणी त्या दिवशी खरोखरीच आकाशवाणी झाली! १९६२ साली पणजीचे केंद्र भारतीय नभोवाणीच्या कुटुंबात आले. लिबिया सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या वयाची शंभरी भरली होती.

मित्रहो, आज हातातील दूरध्वनीवर दिवसाकाठी कितीतरी संदेश येतात. त्यांतील पुष्कळांवर कोणाचेच नाव नसते, आणि हेतू तर त्याहून क्वचित सांगितलेला असतो. जिवावर बेतण्याचा प्रसंग असतानाही ज्यांनी आपला हेतू उघड सांगितला, त्यांचे स्मरण ठेवून आपण प्रत्येक संदेशाला तीन प्रश्न विचारावे : बोलणारा कोण? तो कोणासाठी बोलतो? आणि त्याला काय साधावयाचे आहे? उत्तर मिळाले नाही, तर तो संदेश पुढे पाठवू नये.

आणि सुटीत घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसून त्या दिवसांतील आवाजाविषयी अवश्य विचारावे. ऐकलेले वहीत उतरवून ठेवावे, आणि खाली सांगणाऱ्याचे नाव लिहिण्यास विसरू नये.