टू-स्ट्रोक इंजिन आणि परतीची लाट
(घरी बांधलेल्या शर्यतीच्या मोटारसायकलीचा अभ्यास)

कला शाखेच्या वार्षिकात इंजिनावरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, या लेखाला लागणारे गणित शाळेतलेच आहे आणि त्यातला इतिहास आपल्या अभ्यासातील विभाजित जर्मनीच्या प्रकरणाला लागून आहे. आमच्या वाडीत होड्यांची आउटबोर्ड मशिने दुरुस्त करणाऱ्या एका शेजाऱ्याने पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत आपल्या पडवीत शर्यतीची एक टू-स्ट्रोक मोटारसायकल बांधली. पत्र्याची मापे काढण्याचे काम माझ्याकडे होते. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि पाहिले, ते येथे मांडतो.

टू-स्ट्रोक म्हणजे काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार फेऱ्यांत होतात. टू-स्ट्रोकमध्ये हीच कामे दोन फेऱ्यांत, म्हणजे क्रँकच्या एकाच वळणात उरकतात. येथे झडपांची यंत्रणा नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खालीवर होताना त्या उघडतो आणि मिटतो. पिस्टन खाली आला की आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाची. क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण वर येते आणि जळक्या वायूला बाहेर ढकलते.

महाराष्ट्राला हे इंजिन परके नाही. पुण्याची लूना आणि बजाजची चेतक ही दोन्ही १९७२ सालची वाहने टू-स्ट्रोकच होती. आमच्या शेजाऱ्याने मात्र पाया म्हणून यामाहा आरएक्स १०० चे जुने इंजिन निवडले. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार होत असे. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. आणि पिस्टनची धावही ५० मि.मी.; त्यावरून आकारमान ९८ घन सें.मी. येते. शक्ती ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. याच हिशेबाने एक लिटरचे इंजिन असते, तर त्याने सुमारे ११२ अश्वशक्ती दिली असती. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

परतीची लाट

दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघड्या असतात, हा या इंजिनाचा मूळ दोष. धुराबरोबर काही ताजे मिश्रणही फुकट निघून जाते. या दोषावर उपाय सापडला तो सायलेन्सरच्या नळीत.

धुराची खिडकी उघडली की दाबाची एक लाट नळीतून धावते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर आपटून मागे फिरणारी लाट आपण सर्वांनी पाहिली आहे. नळीतही तसेच घडते, मात्र दोन प्रकारांनी. नळी हळूहळू रुंद होत गेली, तर लाट उलट रूपात, म्हणजे ओढ होऊन परतते आणि सिलिंडरमधला धूर खेचून घेते. पुढे नळी पुन्हा अरुंद झाली, तर लाट दाबाच्याच रूपात परतते. खिडकी मिटण्याच्या क्षणी ती पोहोचली, तर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलले जाते. म्हणूनच शर्यतीच्या टू-स्ट्रोकची नळी मधोमध फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तिच्यात हलणारा एकही भाग नाही; सारे काम लाटेच्या वेळेचे.

हे शास्त्र शर्यतीत सिद्ध केले पूर्व जर्मनीतील चोपाऊ येथील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने. साधने तुटपुंजी, पैसा बेताचा. तरीही १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी काडेनचा आघाडीचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेला. १९६२ साली ५० सीसी गटात डेग्नर जगज्जेता झाला. सुझुकीचे ते पहिले जागतिक विजेतेपद. ज्ञान भिंतीआड राहत नाही, हे खरे. पण ज्याने ते कष्टाने मिळवले, त्याच्या पदरी दरवेळी फळ पडतेच असे नाही, हेही तितकेच खरे.

नळीची लांबी

आता गणित. धुराची खिडकी क्रँकच्या १८० अंशांइतका वेळ उघडी राहते असे सोयीसाठी धरू. इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांवर जोरात चालावे अशी इच्छा आहे. म्हणजे सेकंदाला १५० फेरे, आणि १८० अंश म्हणजे अर्ध्या फेऱ्याला १/३०० सेकंद. गरम धुरात लाटेचा वेग साध्या हवेतील ध्वनीपेक्षा बराच अधिक, सेकंदाला सुमारे ५१० मीटर धरतात. १/३०० सेकंदात ती १.७० मीटर जाईल. हे अंतर जाऊन-येऊन आहे, म्हणून खिडकीपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतची लांबी त्याच्या निम्मी, ८५ सें.मी. हाच हिशेब ७५०० फेऱ्यांसाठी केला, तर उत्तर १०२ सें.मी. येते. सतरा सेंटिमीटर पत्र्याने इंजिनाचा स्वभाव बदलतो!

पडवीतील काम

प्रत्यक्षात १८० अंश धरून चालत नाही. कोन मोजावाच लागतो. त्यासाठी क्रँकच्या टोकाला अंश आखलेली चकती बसवून पिस्टन खिडकी कोठे उघडतो आणि कोठे मिटतो ते पाहिले. खिडकीचा वरचा काठ कानशीने घासला की ती लवकर उघडते आणि उशिरा मिटते. येथे संयम हवा. घासलेले लोखंड परत येत नाही, आणि खिडकी फार रुंद झाली तर पिस्टनची रिंग तिच्यात अडकून तुटते. घासलेल्या कडा गोलसर करतात त्या याचसाठी.

शंकूचे काम माझे. शंकू उलगडला की वर्तुळाचा एक तुकडा मिळतो. तळाचा व्यास ९० मि.मी. आणि तिरकस उंची ३०० मि.मी. असेल, तर त्या तुकड्याचा कोन ३६० × ४५ ÷ ३०० = ५४ अंश. आधी जाड कागद कापून, चण्याच्या पुडीसारखा वळवून पाहिला. मग पत्रा कापला. वळवलेले तुकडे गॅस वेल्डिंगने जोडले. निमुळत्या टोकाचे भोक आणि त्यापुढची बारीक नळी फार अरुंद ठेवली, तर उष्णता कोंडून पिस्टन जळतो, याची शेजाऱ्याला पक्की जाण होती.

पेट्रोलमध्ये ऑइल पंचवीसास एक या प्रमाणात, म्हणजे लिटरला ४० मि.लि. मिसळले. हा हिशेब मच्छीमारांना नवा नाही. कार्ब्युरेटरचा जेट मुद्दाम मोठा लावून सुरुवात केली आणि स्पार्क प्लगचा रंग पाहत तो लहान करत आणला. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. चहासारखा तपकिरी आला की थांबावे. पांढऱ्या प्लगवर गाडी दामटली, तर पिस्टन सिलिंडरला धरतो.

वेगाची किंमत

हे इंजिन ९००० फेऱ्यांना शहाणे, पण ४५०० फेऱ्यांना वेडे. कारण तेव्हा खिडकी १/१५० सेकंद उघडी राहते आणि लाट मात्र १/३०० सेकंदातच परतते. खिडकी पूर्ण उघडी असताना ती धूरच पुन्हा आत लोटते. म्हणून ही गाडी सुरुवातीला अडखळते, आणि ठरावीक वेगापुढे एकदम उसळते. फोंडाघाट चढायला ती निरुपयोगी.

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार रस्त्यावरच्या गाडीत असे मनमानी फेरफार करता येत नाहीत. म्हणून या गाडीची चाचणी खाजगी सड्यावर, मालकाच्या परवानगीने, हेल्मेट घालूनच झाली. तिची जागा शर्यतीच्या मैदानात.

समारोप

जागतिक मोटारसायकल शर्यतींतून १२५ सीसीचा टू-स्ट्रोक गट २०११ नंतर बंद झाला. धुराच्या नियमांमुळे रस्त्यांवरच्या नव्या मोटारसायकलीही फोर-स्ट्रोक झाल्या. तो बदल योग्यच आहे. ज्या इंजिनाचे काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते, त्याचे समर्थन हवेच्या दृष्टीने करता येणार नाही. परंतु इंजिन गेले म्हणजे त्यामागचे ज्ञानही जावे असे नाही. आमच्या शेजाऱ्याने सारी मापे पडवीच्या भिंतीवर खडूने लिहिली होती. चतुर्थीपूर्वी घराला रंग काढण्याच्या आधी ती मी वहीत उतरवून घेतली.

आपल्या किनाऱ्यावर असे कितीतरी हिशेब भिंतींवर आणि कारागिरांच्या बोटांत आहेत : होडी बांधणाऱ्या सुताराचे, जाळे विणणाऱ्याचे, मशीन जुळवणाऱ्याचे. ते मराठीत लिहून ठेवणे हे काम इंजिनिअरचेच आहे असे नाही. ज्याला विचारता येते आणि नेटके लिहिता येते, त्याचे ते आहे. आणि कला शाखेत आपण दुसरे काय शिकतो?